आजोबा वारले, हे चार वर्षांच्या मुलाला कसं सांगावं?

"आबा वारले, म्हणजे त्यांचं शरीर काम करायचं थांबलं, आता ते परत येणार नाहीत," असं सरळ सांगा. 'झोपलेत' किंवा 'गावाला गेलेत' अजिबात सांगू नका. 'झोपलेत' ऐकून काही मुलं स्वतः झोपायला घाबरतात आणि 'गावाला गेलेत' म्हटलं की दाराकडे डोळे लावून बसतात. या वयात मरण कायमचं असतं हेच कळत नाही. मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी हंगेरीत ३ ते १० वर्षांच्या मुलांशी बोलून १९४८ मध्ये हे नोंदवलं होतं: पाचच्या आतल्यांना वाटतं, गेलेला माणूस दुसरीकडे कुठेतरी राहतोय. गेलेला परत येत नाही, त्याला भूक-थंडी काही लागत नाही आणि मरण सगळ्यांनाच आहे, या गोष्टी बहुतेकांना ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान उमगतात. मी बालवाडीत शिकवते. आजोबा गेल्यावरही एक मुलगा डब्यातला अर्धा बेसनलाडू रुमालात बांधून ठेवायचा, कारण शाळेतून न्यायला रोज तेच यायचे. म्हणून तुमचा मुलगा वीस वेळा "आबा कधी येणार?" विचारेल, तेव्हा वीसही वेळा तेच उत्तर, न चिडता. तुमच्या घरात 'देवाघरी गेले' म्हणत असाल तर म्हणा, पण "तिथून परत येता येत नाही" हे जोडा. "तू त्रास दिलास म्हणून गेले नाहीत" हेही त्याने न विचारता सांगा. मात्र वयाचा हा हिशेब सरसकट नाही. घरात आधी मृत्यू पाहिलेली किंवा पाळलेलं जनावर गेलेली काही मुलं हे लवकर समजतात.