'मतदान' हे दान कसे?

प्रश्न असा आहे: मत हा नागरिकाचा हक्क आहे, मग त्याला 'दान' का म्हणायचे? 'मतदान' ऐवजी 'मताधिकार बजावणे' असेच लिहावे का?

'मतदान' बेलाशक लिहावे. संस्कृतातला 'दा' म्हणजे देणे. 'अनुदान', 'योगदान', 'आदानप्रदान' यांत पुण्य नाही की उपकार नाही. 'मताधिकार' हा घटनेच्या कलम 326 ने दिलेला हक्क, 'मतदान' ही कृती; दोन्ही शब्द लागतात. आणि दानाचा अर्थ धरलाच, तरी याचक कोण? मराठीत 'मतांचा जोगवा' मागतो तो उमेदवार. देणारा मतदारच असतो, त्यात त्याचा कमीपणा कसला?

बोलताना मात्र माणसे 'मत टाकलं' म्हणतात, आणि मला हा प्रयोग फार आवडतो. 'मत देणे' म्हणजे अभिप्राय देणेही होते. 'मत टाकणे' याला एकच अर्थ. 1951-52 आणि 1957 च्या निवडणुकांत ते अक्षरशः टाकणेच होते. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतपत्रिकेवर खूण करायची नसे, ती हव्या त्या पेटीत टाकायची. अक्षरओळख नसलेल्यांनाही मत नोंदवता यावे म्हणून ही सोय होती. नंतर सगळ्या उमेदवारांची एकच मतपत्रिका आली आणि 'शिक्का मारणे' रूढ झाले. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रे आली, तरी शिक्का शब्दांतून गेलेला नाही. बटण दाबून आलेली आजीही 'शिक्का मारून आले' म्हणते, आणि ते चूक नाही.

लोकांना आपल्या सत्तेची जाणीव किती आहे, हे मला 'मतदान' पेक्षा 'निवडणे' बरोबर येणाऱ्या क्रियापदांत जास्त दिसते. मतदार 'निवडून देतात', कार्यकर्ते किंवा पक्ष 'निवडून आणतात'. हा भेद सांभाळायला हवा. 'मतदारांनी निवडून आणले' असे हल्ली सर्रास छापले जाते, तेव्हा मतदार प्रचारयंत्रणेचा भाग होऊन बसतो. 'निवडून देणे' यातही देणेच आहे, पण त्यावर कुणी आक्षेप घेत नाही.

याच्या उलट शब्द 'पाडणे'. 'तो पडला' म्हटले की निकाल कळतो; 'आम्ही पाडला' म्हटले की कर्ता कोण तेही कळते. गावाकडे हे वाक्य बहुधा अभिमानानेच ऐकू येते.