हॅशमॅपऐवजी ट्रीमॅप घातल्यावर युनिट टेस्ट पास होते, पण वेग कमी होईल का?

तुमच्या जावा कोडमध्ये ऑर्डरच्या स्टेटसनुसार (एनम, म्हणजे ठरलेल्या नावांचा प्रकार) मोजणी हॅशमॅपमध्ये (की आणि किंमत अशा जोड्या ठेवणारा, क्रमाची हमी न देणारा मॅप) आहे, त्यावरून रिपोर्टचा मजकूर बनतो आणि त्याची टेस्ट कधी पास होते, कधी फेल. आठ-दहा स्टेटस असतील तर वेगाची चिंता सोडा, फरक मोजूनही सापडणार नाही. पण ट्रीमॅपने (की क्रमवार लावून ठेवणारा मॅप) रोग लपला, कारण समजलं नाही.

एनमचा हॅशकोड (हॅशमॅपमधली जागा ठरवणारा आकडा) नावावरून काढलेला नसतो, तो त्या ऑब्जेक्टच्या ओळखीवरून येतो. त्यामुळे जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं यंत्र) नव्याने सुरू झाला की हॅशकोड बदलू शकतो आणि हॅशमॅपमधला क्रमही हलतो. मॅपमधल्या की (जोडीतली नावं) स्ट्रिंग असत्या तर त्याच जेडीकेवर (जावाची आवृत्ती) क्रम तोच आला असता आणि जेडीके बदलल्यावर कधीतरी टेस्ट मोडली असती. तशी चूक शोधणं जास्त त्रासाचं, म्हणजे तुम्ही सुटलात म्हणायचं!

इथे एनममॅप घ्या. आत साधा ॲरे असतो, ऑर्डिनल (एनममधला अनुक्रमांक) हाच इंडेक्स. हॅशिंग नाही, टक्कर (दोन की एकाच जागी येणं) नाही. क्रम एनममध्ये लिहिलाय तोच. कन्स्ट्रक्टरला एनमचा क्लास द्यावा लागतो आणि नल की चालत नाही, एवढंच.

स्ट्रिंग की असतील आणि घातल्या त्याच क्रमाने हव्या असतील तर लिंक्डहॅशमॅप. प्रत्येक नोंदीला दोन जादा पॉइंटर, बाकी खर्च हॅशमॅपसारखाच. ट्रीमॅप खरोखर क्रमवारी किंवा 'अमुकपासून तमुकपर्यंत' हवं तेव्हाच. तो इक्वल्स (दोन की सारख्या आहेत का सांगणारी मेथड) पाहत नाही, कम्पेअरटू (लहान-मोठं ठरवणारी मेथड) पाहतो: बिगडेसिमल (दशांश संख्यांचा प्रकार) 2.0 आणि 2.00 या हॅशमॅपमध्ये दोन की, ट्रीमॅपमध्ये एकच. नुसती टेस्ट पास व्हावी म्हणून मॅप बदलला की असं काहीतरी मागच्या दाराने शिरतं.

टेस्टही तपासा. मोजणी बरोबर आहे का, एवढंच पाहायचं असेल तर टूस्ट्रिंगची (मॅपचा मजकूर करणारी मेथड) तुलना करू नका. असर्टइक्वल्सला (टेस्टमधली तुलना करणारी मेथड) अपेक्षित आणि आलेला असे दोन्ही मॅप थेट द्या, तिथे क्रम पाहिला जात नाही. रिपोर्टच्या ओळींचा क्रम ठरलेला असेल तर त्याची वेगळी टेस्ट लिहा.

मोठ्या हॅशमॅपचा प्रश्न वेगळा. 1000 नोंदी येणार म्हणून कन्स्ट्रक्टरला 1000 दिलं तर टेबल 1024 चं होतं, पण लोड फॅक्टर (टेबल किती भरलं की वाढवायचं ते प्रमाण) 0.75 असल्याने 769 व्या नोंदीला ते दुप्पट होतंच. 1334 द्या, किंवा जावा 19 पासून हॅशमॅपची न्यूहॅशमॅप ही स्टॅटिक मेथड आहे, तिला 1000 द्या.