पॅनलखालच्या पत्र्याचा कर

प्रश्न : वकीलताई, मी यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झालो. हद्दवाढ भागात ओढ्यालगत माझं घर आहे. गेल्या वर्षी गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजारांचं अनुदानही जमा झालं. आता कर खात्याची नोटीस आली आहे. गच्चीवर वाढीव बांधकाम दाखवून करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर घरपट्टी ठरते ते मूल्य, वाढवलं आहे. हरकतीला १५ दिवस दिलेत, त्यातले ६ गेले. सोलरवाल्यांना मालमत्ता कर माफ असतो ना? दुसरं म्हणजे, सप्टेंबरच्या पावसात ओढ्याचं पाणी जिन्याखाली शिरलं आणि इन्व्हर्टर गेला. ओढ्याला भिंत बांधून द्या, असं महापालिकेला सांगता येईल का? सोबत गच्चीचा फोटो आणि नोटिशीची प्रत जोडली आहे.

उत्तर : काका, तुमच्या हातात ९ दिवस आहेत, म्हणून आधी कराचं बघू.

माफी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १३२ मध्ये सर्वसाधारण करातून, म्हणजे मालमत्ता करातल्या मुख्य भागातून, कोण वगळलं जातं ते दिलं आहे. त्यात देवस्थानं, धर्मादाय वापराच्या जागा वगैरे आहेत, सोलर बसवलेलं घर नाही. अनुदान केंद्राच्या योजनेचं, त्याचा घरपट्टीशी संबंध नाही. सोलरवाल्यांना मिळते ती करातली सवलत, तीही महापालिकेचा तसा ठराव असेल तर. ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा, पण तिच्यासाठी थांबू नका. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तोवर तुमची हरकतीची मुदत संपलेली असेल.

तुमचा खरा मुद्दा वेगळाच आहे. याच अधिनियमाच्या कराधान नियमांत, नियम ७(२) मध्ये, इमारतीत किंवा इमारतीवर असलेल्या यंत्रसामग्रीचं मूल्य करयोग्य मूल्यात धरायचं नाही असं म्हटलं आहे. पॅनल, इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा हे वीज तयार करणारं यंत्र आहे, खोली नव्हे. हरकतीत पहिलं वाक्य हेच घाला. समोरून मोबाइल टॉवरचा दाखला येईल. गुजरातच्या कायद्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असं म्हटलं होतं. माझ्या मते तो इथे फारसा चालणार नाही, कारण घरच्या पॅनलचा वापर टॉवरसारखा धंद्याचा नाही.

आता फोटो. मी तो मोठा करून दोनदा पाहिला. पॅनल चांगले उंच पाइपांवर आहेत. त्यांच्या खाली तुम्ही निळा पत्रा टाकलाय, दोन बाजूंना विटा रचून तिसऱ्या बाजूला लोखंडी दार बसवलंय. आत पलंग, दोरीवर टॉवेल आणि कोपऱ्यात गॅसची शेगडी दिसते. काका, याला कर खात्याने खोली म्हटलं तर मी त्यांच्याशी भांडू शकणार नाही. उन्हाळ्यात तिथे झोपायला बरं वाटत असेल, पण कायद्याच्या दृष्टीने पत्र्यापर्यंत यंत्र आणि पत्र्याखाली बांधकाम.

म्हणून हरकत दोन भागांत लिहा : पॅनलचा भाग पूर्ण वगळा आणि पत्र्याखालचं क्षेत्र प्रत्यक्ष मोजून तेवढंच धरा. मोजणीच्या वेळी घरी कोणीतरी असू द्या. विटा नि दार काढून जागा मोकळी करणार असाल तर ते मोजणीआधी करा आणि तारखेसह फोटो ठेवा. कारण धोका कराचा कमी, परवानगीचा जास्त आहे. परवानगीविना बांधकामावर कलम २६० खाली नोटीस येऊ शकते आणि कलम २६७-अ ची शास्ती, म्हणजे दंडही लागू शकतो. शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे तर त्या कलमातच लिहिलं आहे. 'पट्टी भरतोय म्हणजे झालं' असं सांगणारे लोक प्रत्येक गल्लीत भेटतात, त्यांचं ऐकू नका. हरकत फेटाळली गेली तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे, पण तेही १५ दिवसांत, आणि वादातली रक्कम आधी भरून. पैशाची सोय आत्ताच बघा.

ओढ्याचं. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३१ प्रमाणे जिल्ह्याच्या आराखड्यात धोक्याच्या जागा आणि तिथले प्रतिबंधक उपाय असावे लागतात, आणि तो दरवर्षी अद्ययावत करायचा असतो. हा आराखडा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा, आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. तुमच्या ओढ्याची जागा त्यात घ्या, असा लेखी अर्ज गल्लीतल्या २०-२५ घरांच्या सह्यांनी द्या. अमुक ठिकाणी भिंत हवीच, असा हक्क मात्र त्या कायद्यातून मिळत नाही, आणि कलम ७१ मुळे त्या कायद्याखालच्या कारवाईविरुद्ध दिवाणी दावाही चालत नाही. मग उरतं उच्च न्यायालय. एका इन्व्हर्टरसाठी तिकडे जायचा खर्च मी सुचवणार नाही.

घर पूररेषेत येतं का, ते नगररचना विभागाच्या नकाशावर तपासून घ्या. राज्यात निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम होत नाही. घर त्या रेषेत निघालं तर गच्चीवरची खोली नियमित करून घेण्याचा विचार सोडूनच द्या.

इन्व्हर्टरच्या भरपाईसाठी घराचा विमा असेल तर पूर-पाण्याचं कलम वाचा, आणि बसवणाऱ्या एजन्सीच्या ५ वर्षांच्या देखभाल करारात काय वगळलंय तेही बघा. नवा इन्व्हर्टर जिन्याखाली बसवू नका, पहिल्या मजल्याच्या भिंतीवर घ्या. जागा बदलताना एजन्सीकडून महावितरणला कळवून घ्या.

आणि नोटिशीचं पाकीट टाकून देऊ नका, तारखेचा शिक्का त्याच्यावरच असतो.