आधी चिठ्ठी, मग कीटक

संग्रहालयात टाचणीला टोचून जपलेल्या कीटकाचा नोंदीसाठी फोटो काढण्याआधी त्याच टाचणीवरची चिठ्ठी नीट टिप. कधी, कुठे, कोणी पकडला, हे त्या इवल्याशा कागदावरच असतं. मजकूर जसाच्या तसा उतरव. चूक वाटली तर दुरुस्ती वेगळ्या रकान्यात. जुन्या चिठ्ठीवर नुसतं ‘बॉम्बे’ असेल, तर ते शहर की अख्खा मुंबई इलाखा, हे ठरवायची घाई नको.

काम किचकट आहे, मान्य. पण २०१८ मध्ये रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, लाखो कीटक गेले. ज्यांचे फोटो आणि नोंदी होत्या, त्यांची निदान माहिती उरली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या फुलपाखरांच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखांवरून तर उबदार वसंतात ती लवकर बाहेर पडतात हे कळलं. तारखेतला महिना बऱ्याचदा रोमन आकड्यांत असतो, तो तपासून घे. आणि फोटोत मोजपट्टी हवीच.