उटीच्या बोटॅनिकल गार्डनला एक तास पुरेल का?

टूरवाल्यांनी एकच तास दिलाय, सोबत आई-बाबा आहेत, तेवढ्यात काय बघून होईल, असं तुम्ही विचारलंय. मी तिथे तीनदा गेलोय. एका तासात खालची हिरवळ आणि फुलांचे ताटवे होतील, फोटो निघतील. पण ही बाग खरी झाडांची आहे. दोड्डबेट्टा डोंगराच्या उतारावर ती टप्प्याटप्प्याने वर चढते, क्षेत्र सुमारे ५५ एकर. मोठी झाडं बघत बघत चढायचं तर निदान तीन तास हवेत. टूरवाल्यांशी बोलून बघाच.

खालच्याच भागात सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचं, दगड झालेलं खोड ठेवलंय. घाईत लोक त्याला वळसा घालून पुढे जातात. तुम्ही मात्र थांबा. लांबून ते लाकूडच वाटतं. बुचाचं झाडही शोधा. आपल्याकडे पांढरी सुवासिक फुलं सांडतात ते नव्हे, तर ज्याच्या सालीची बाटल्यांची बुचं होतात ते. मंकी पझलची पानं आईंना जरूर दाखवा. खवल्यांसारखी एकावर एक बसलेली, कडक आणि टोकदार. हे झाड मूळचं चिलीकडचं.

बाग ज्याने उभी केली त्या विल्यम ग्रॅहॅम मॅकायव्हरबद्दल मला फार आदर वाटतो. इथल्या गोऱ्यांनी आधी वर्गणी काढून भाजीचा मळा केला होता, तो काही चालला नाही. मग १८४८ मध्ये मॅकायव्हर आला आणि पुढची जवळपास दहा वर्षं या दलदलीच्या, झाडीच्या उतारावर खपला. नंतर निलगिरीत सिंकोना लावायचं कामही त्याच्याकडेच आलं. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन निघतं, म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या तोंडचं 'कोयनेल'. हिवतापावर तेव्हा भरवशाचं औषध तेच. साल काढायची तर झाड तोडावं लागे. मॅकायव्हरने उभ्या झाडाच्या सालीच्या पट्ट्या सोलून उघड्या जागेवर ओलं शेवाळ बांधलं. साल परत धरली, झाड जगलं, आणि नव्या सालीत क्विनीनही चांगलं निघालं. ही हकिगत बाबांना चढता चढता सांगा.

अगदी वर तोडा आदिवासींचा मुंड, म्हणजे त्यांची वस्ती आहे. आडव्या कापलेल्या पिंपासारखी गवताने शाकारलेली झोपडी, दार इतकं बुटकं की आत रांगतच जावं लागतं. तोडा इथले मूळचे, बागेच्या कितीतरी आधीपासूनचे. तिथे माणसं राहतात, तेव्हा विचारल्याशिवाय फोटो काढू नका. पांढऱ्या कापडावर लाल-काळ्या धाग्यांनी भरतकाम केलेली शाल मिळाली तर त्यांच्याकडूनच घ्या.

आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना मध्येच एखाद्या बाकावर बसवून तुम्ही वर जाऊन या. मे महिन्यात पुष्पप्रदर्शन असतं, तेव्हा गर्दीत धड चालताही येत नाही. शक्यतो सकाळी बाग उघडल्या उघडल्या जा, आणि मे असला तरी स्वेटर घ्या.