सेल्टिक क्रॉस वाचताना गोंधळ उडतो. टॅरोचा स्वतःचा स्प्रेड कसा मांडावा आणि वाचावा?

गोंधळ उडतो यात तुमचा दोष नाही. सेल्टिक क्रॉस या टॅरोच्या पत्त्यांच्या स्प्रेडमध्ये, म्हणजे मांडणीत, पत्ते ठेवायच्या दहा जागा, त्यात नववी 'आशा आणि भीती' अशी जोडीने! तिथे पडलेलं कार्ड आशा समजायचं की भीती, हे मला अजूनही कळत नाही. एका जागेला एकच प्रश्न, हा माझा पहिला नियम तिथूनच आला.

मी आधी कागदावर प्रश्न लिहिते, मग पत्ते पिसते. उलटं केलं की कार्ड बघून जागेचा अर्थ हवा तसा वाकवला जातो. (मी हे भरपूर केलंय.)

माझ्या धाकट्या बहिणीला नोकरी सोडून नवऱ्याच्या दुकानात बसायचं की नाही, ते ठरत नव्हतं. 'सोडू का?' ही जागा मी ठेवलीच नाही, कारण चित्रात हो-नाही नसतं, माणसं असतात. सात प्रश्न लिहिले होते. 'अडथळा' आणि 'भीती' यांचं उत्तर एकच येणार म्हणून एक खोडला, असं करत चार उरले: इथे कशाने धरून ठेवलंय, कशाकडे डोळेझाक होतेय, गेल्यास काय सुटेल, या महिन्यात काय करता येईल.

पहिल्या जागी फोर ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे चार नाण्यांचं कार्ड आलं. १९०९ च्या रायडर-वेट डेकमधलं (पत्त्यांच्या संचातलं) पामेला कोलमन स्मिथचं चित्र नीट बघा: एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायांखाली. पुस्तकं 'कंजूषपणा' म्हणून मोकळी होतात. मी अर्थ न सांगता विचारलं, "हा उठला तर?"

"चारही सुटतील. पण ताई, हा बसलाय गावाबाहेर एकटाच."

दुसऱ्या जागी एट ऑफ पेंटॅकल्स, बाकावर बसून नाणं ठोकणारा कारागीर. सुटं वाचलं तर 'मेहनत', झालं. शेजारी ठेवल्यावर मजा येते: एक नाणी धरून बसलाय, दुसरा घडवतोय. कार्डांचे अर्थ पाठ करण्यापेक्षा अशा जोड्या बघा. हेच फोर ऑफ पेंटॅकल्स तिसऱ्या जागी आलं असतं, तर मी ते 'एक तारखेचा पगार' असं वाचलं असतं.

उलटी, म्हणजे चित्राचं डोकं खाली असलेली कार्डं सध्या सरळ करून ठेवा, नंतर बघू. भविष्य कळतं असं मला वाटत नाही, त्यामुळे 'पुढे काय होईल' ही जागा मी कधीच ठेवत नाही.

चौथं कार्ड बहिणीला अजिबात पटलं नाही. तेही तारखेसकट वहीत लिहून ठेवलंय.