वाचक विचारतात: साळीच्या वावरात मीठ फुटलंय, नॅनो मारू का?

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं वावर पाथरीकडं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. घरापुरती दोन एकर साळ करतो. खालच्या कोपऱ्यात उन्हाळ्यात पांढरं मीठ फुटतं आणि तिथली रोपं शेंड्याकडून वाळत्यात. पुतण्या म्हणतो नॅनो झिंक, नॅनो सिलिका मारलं की साळ मिठात टिकते. खरंय का?

उत्तर: दादा, पुतण्या खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. मिठामुळं साळीला दोन मार बसतात, एक म्हणजे पाणी असूनही मुळीला ते ओढता येत नाही आणि दुसरं, पोटॅशच्या वाटेनं सोडियम आत घुसतो, पानातल्या पेशी जळायला लागतात. सिलिका मुळीत बसली की सोडियमची चोरवाट बुजते (साळ तशीही सिलिका खाणारंच पीक, पानाच्या कडेवरून बोट फिरवा, कळेल). झिंक पेशीतली ती जळजळ आवरणाऱ्या एन्झाईमला लागतं, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते असूनही पिकाला मिळत नाही. नॅनो म्हणजे १०० नॅनोमीटरच्या आतला कण, केसाहून शेकडो पट बारीक, म्हणून थोडक्यात जास्त काम करतो.

पण हे बरंचसं कुंडीत आणि लॅबमधे दिसलंय, डोस जास्त झाला तर मुळ्या उलट खुंटतात. आणि फवारा मारून जमिनीतलं मीठ कुठंच जात नाही हो, ते तिथंच राहतं! नॅनो युरियाची बाटली तर यासाठी घेऊच नका, ते नत्र आहे.

आधी माती आणि पाणी तपासा. साळ ईसी (मातीतलं मीठ मोजायचा आकडा, डेसीसायमन प्रति मीटरमधे) ३ पर्यंत सोसते, पुढं दर एका आकड्याला साधारण १२ टक्के उत्पन्न घटतं. पीएच ८.५ च्या आत असेल तर जमीन खारवट, चर काढा आणि चांगल्या पाण्यानं मीठ धुऊन काढा. त्याच्या वर गेला तर चोपण, म्हणजे सोडियम मातीलाच चिकटून बसलेली, तिथं जिप्सम लागतं. निचरा मात्र दोन्हीकडं पाहिजेच, चर नसताना नुसतं पाणी भरत राहिलात तर खालचं पाणी वर येऊन मीठ अजून फुटेल. रोप ३०-३५ दिवसांचं लावा, कोवळं रोप आणि फुलोरा हेच सगळ्यात नाजूक. कर्नालच्या खारवट जमिनीवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं सीएसआर ३६ हे मीठ सोसणाऱ्या साळीचं बियाणं मिळालं तर बघा.

तरी नॅनो करून बघायचंच असेल तर दोन गुंठ्यात करा, बाजूला दोन गुंठे साधं झिंक सल्फेट. रिपोर्ट आला की आकडे कळवा, जिप्समचा हिशोब त्यावरच लागतो.